तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पोटगी किती?

हा प्रश्न विचारताना बहुतेकजणी आधी नवऱ्याचा पगार सांगतात. मी त्याच्या निवृत्तीची तारीख विचारते. पगार बघून ठरलेली दरमहा पोटगी पगार थांबला की डळमळते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(२) खाली, परिस्थिती बदलली म्हणून ती कमी करून मागता येते. त्यामुळे नवरा पंचावन्नचा असेल तर बोलणी त्याच्या नोकरीच्या उरलेल्या वर्षांपुरती नकोत, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची हवीत.

पगाराच्या २५ टक्के असा नियम नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात तेवढी रक्कम योग्य मानली, तिथून तो आकडा तोंडोतोंडी झाला. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. खरी लढाई या शपथपत्रातच होते. "घरखर्च १५,०००" असं मोघम लिहिलं की समोरचा वकील त्यातले पाच हजार सहज कापतो. वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागून लिहा. मेडिक्लेमचा हप्ता ३६,००० असेल तर महिना ३,०००. हा हप्ता विसरूच नका: घटस्फोटानंतर नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून नाव जातं, आणि पन्नाशीत बीपी-शुगरसकट नवी पॉलिसी महाग पडते.

धंदेवाला नवरा रिटर्नमध्ये उत्पन्न तुटपुंजं दाखवतो. तेव्हा त्यानेच गृहकर्जाच्या अर्जात लिहिलेला आकडा मागवून घ्यायचा.

घराचं मात्र वेगळं. गोव्यातला समान मालमत्तेचा कायदा सोडला तर आपल्याकडे संसारात कमावलेल्याची निम्मी-निम्मी वाटणी आपोआप होत नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. म्हणून सहमतीचा घटस्फोट असेल तर घराचा प्रश्न कन्सेंट टर्म्समध्येच, म्हणजे दोघांनी सही केलेल्या लेखी अटींमध्येच, मिटवा.

एकरकमी की दरमहा? निवृत्ती जवळ आली असेल तर मी एकरकमीकडे झुकते. एकरकमी रकमेवर सहसा प्राप्तिकर लागत नाही, दरमहाची रक्कम मात्र उत्पन्नात धरली जाते. पण एकदा 'पूर्ण व अंतिम' लिहून घेतलं की पुन्हा मागायला फारशी जागा उरत नाही, आणि डिमांड ड्राफ्ट हातात नसताना दुसऱ्या मोशनला (सहमतीच्या घटस्फोटातल्या कोर्टापुढच्या दुसऱ्या, शेवटच्या टप्प्याला) सही करणं म्हणजे हातचं सोडणं. दरमहा घेणार असाल तर वाढीचं कलम हवंच. महागाई ६ टक्के धरली तर आजचं ३० हजारांचं काम बारा वर्षांनी साठ हजारांना होतं. शिवाय कलम २५ खाली नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवता येतो. हे फार कमीजणी मागतात. (या कायद्याखाली नवराही पोटगी मागू शकतो, तेही लक्षात असू द्या.)

धर्म कोणताही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, अर्ज करता येतो. तिथे फसगत होते ती थकबाकीत. "देईल कधीतरी" म्हणून तीन वर्षं गप्प बसलेल्या बाईला वसुलीचं वॉरंट मिळतं ते शेवटच्या वर्षाच्या हप्त्यांपुरतंच, कारण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज करावा लागतो. दोन-तीन हप्ते चुकले की अर्ज टाका.