एर्मेसची शिवण: दोन सुया, एक दोरा
आजचा दिवस चामड्याचा पट्टा हाताने शिवण्यात गेला आणि डोक्यात सतत एर्मेस, महागड्या चामडी बॅगांसाठी प्रसिद्ध फ्रेंच कंपनी. त्यांच्या बॅगांच्या किमतींवर सगळे बोलतात, पण हे घराणं मुळात घोड्यांचा साज करणारं. तिएरी एर्मेसने १८३७ मध्ये पॅरिसला कारखाना काढला. पुढच्या पिढीने खोगिरं जोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची त्यांची उंच बॅगसुद्धा खोगीर आणि बूट न्यायला केलेली. केली, बिर्किन वगैरे त्यांच्या गाजलेल्या बॅगा फार नंतरच्या. शिवण मात्र खोगिराचीच राहिली.

ती अशी: शिवणीच्या साधारण चौपट जवसाचा दोरा घ्यायचा, मधमाशीचं मेण चोळायचं, दोन्ही टोकांना एकेक सुई. चामडं लाकडी चिमट्यात धरून आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. कोणती सुई आधी, हा क्रम एकदा ठरला की मोडायचा नाही. मोडला की टाक्यांचा तिरकेपणा बिघडतो. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसली तर मात्र टाका आवळतच नाही, सुई मागे घ्यावी लागते. शेवटी दोन-तीन टाके उलटे.

मशीनच्या टिपेत वरचा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सैल पडत जातात. इथे एका बाजूचा झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. घोडा उधळल्यावर लगामाची शिवण सुटून कशी चालेल!