रिकामा कॉम्प्युटर, स्लीप आणि नाशिकची लाइट

संध्याकाळी सात ते सकाळी नऊ म्हणजे १४ तास. ऑफिसमधला साधा डेस्कटॉप नुसता बसून असला तरी सीपीयूचा डबा साधारण ५० वॅट आणि मॉनिटर २० वॅट खातो. रात्रीचं जवळजवळ एक युनिट. दहा कॉम्प्युटर, महिन्याच्या २६ रात्री धरा, २५० युनिट होतात. महावितरणच्या बिलावरचा तुमचा दर घ्या आणि गुणून बघा.

मॉनिटरचा प्रश्न सोपा आहे: पाच मिनिटांत बंद, सगळ्यांसाठी. स्क्रीनसेव्हर मात्र काढून टाका. मासे पोहताना दिसतात तेव्हा मागचा दिवा पूर्ण जळतच असतो.

खरी निवड पुढे आहे. स्लीपमध्ये डबा दोन-तीन वॅटवर येतो, पण उघडं काम रॅममध्येच राहतं. लाइट गेली की तेही गेलं. मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की सिडको काय, पंचवटी काय, लाइटचा भरवसा नसतो. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका: काही छोटे यूपीएस बॅटरीवर असताना लोड फारच कमी दिसला तर स्वतःच बंद होतात, आणि झोपलेला कॉम्प्युटर त्यांना लोडच वाटत नाही.

म्हणून डेस्कटॉपला हायब्रिड स्लीप. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. तिथे 'स्लीप'खाली 'अलाऊ हायब्रिड स्लीप' ऑन करा. यात रॅममधल्या कामाची प्रत डिस्कवरही लिहिली जाते, त्यामुळे लाइट जाऊन आली तरी काम परत मिळतं. दिवसा २० मिनिटांनी स्लीप पुरे. दहा मिनिटं ठेवलीत तर चहा पिऊन आलेला माणूस वैतागतो आणि दुसऱ्या दिवशी सेटिंग 'नेव्हर' करून टाकतो.

हा पर्याय दिसतच नसेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'powercfg /a' चालवा. मशीनला कुठले प्रकार जमतात ते कळतं. हायबरनेट (काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होणं) बंद दिसलं तर 'powercfg /h on'. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर इथेच अडेल, कारण हायबरनेटची फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते. ८ जीबी रॅमला तीन जीबीच्या वर जागा मोकळी हवी. लॅपटॉपला 'हायबरनेट आफ्टर' ६० मिनिटं ठेवा, नाहीतर बॅगेत बॅटरी उतरते.

सेटिंग बरोबर, तरी कॉम्प्युटर झोपत नाही? 'powercfg /requests' चालवा. बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये सुरू राहिलेला व्हिडिओ किंवा नेटवर्कवरून उघडी असलेली फाइल सापडते. झोपून परत उठत असेल तर 'powercfg /lastwake'. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये पहिला संशय माउसवर घ्यावा: पलीकडे पॉवर प्रेस चालली की टेबल हादरतं आणि माउसला वाटतं कुणीतरी हलवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही टिक काढा. उठवायला कीबोर्ड आहेच. रात्री दोन-तीनला आपोआप उठत असेल तर 'अलाऊ वेक टायमर्स' डिसेबल.

एक मशीन यातून वगळा: ज्यावर टॅलीचा डेटा आहे आणि बाकीचे लॅनवरून तिथे बसतात. ते झोपलं की सगळ्यांचं काम मधेच तुटतं. त्याला फक्त मॉनिटर बंद, स्लीप 'नेव्हर', आणि संध्याकाळी शेवटचा माणूस शट डाऊन करेल.

भिंतीवरचं बटण रोज बंद करायचं का? दीर्घ सुट्टीला करा. रोज केलंत तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल लवकर संपतो, घड्याळ मागे जातं, आणि ऐन रिटर्न भरायच्या दिवशी जीएसटीचं पोर्टल उघडताना ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. सेल सीआर२०३२ नंबरचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.