सोफियात सोलाकोव शोधणाऱ्यांसाठी: टॅक्सी, पिवळे दगड आणि एक लाल तारा

बल्गेरियाचा चित्रकार नेदको सोलाकोव बघायचा तर राजधानी सोफियाला जा, असं मला दोन-तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यातलं कुणीच तिथे गेलेलं नव्हतं, हे परत आल्यावर कळलं. माणूस सोफियात राहतो, तिथेच काम करतो, हे खरं. पण त्याची कीर्ती ज्या कामांवर उभी आहे ती युरोपभर विखुरली आहेत. सगळ्यात महत्त्वाचं काम तर नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनच्या व्हॅन आबे म्युझियमच्या संग्रहात आहे. मग सोफियाला जायचं का? जायचं, पण कशासाठी ते आधी ठरवून. आणि विमानतळावरून टॅक्सी न करता.

टॅक्सीचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं नीट लिहिताच येणार नाही. बाहेर पडल्या पडल्या गोड बोलून बॅग उचलणारा जो भेटतो, त्याच्या मागे जाऊ नका. गाडी पिवळी, छतावर दिवा, दारावर नाव, सगळं रीतसर दिसतं. नाव मात्र एका जुन्या, विश्वासू कंपनीच्या नावाशी जेमतेम एका अक्षरानं फटकून असतं. काचेवर दरपत्रक चिकटवलेलं असतं. ते गाडीत बसण्याआधी वाचायचं, बसल्यावर नाही. माझ्या मीटरचा आकडा सिग्नलला उभं असतानासुद्धा पळत होता आणि शेवटी पंचावन्न युरो झाले. बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो आला आहे, त्यामुळे लेव्ह या जुन्या चलनाचा हिशेब चुकला ही सबब ड्रायव्हरलाही उरलेली नव्हती. हुज्जत घातली तर त्याला एकाएकी इंग्रजी येईनासं झालं. टर्मिनल २ च्या दारातून मेट्रो सुटते. गेटवर कार्ड टेकवलं की अगदी किरकोळ पैशांत थेट सेर्दिका स्टेशन, म्हणजे शहराचा मध्य. टर्मिनल १ ला उतरलात तर फुकट बसनं आधी २ ला या. विषय संपला.

आता मुद्द्याचं. मुक्काम शिप्का रस्त्याच्या आसपास घ्या. रस्ता लहान, पण सोलाकोवची सुरुवात इथलीच. १ नंबरला कला अकादमी. चेर्वेन ब्र्याग गावात १९५७ साली जन्मलेला हा मुलगा इथे भित्तिचित्रकला शिकून १९८१ मध्ये बाहेर पडला. भित्तिचित्रकला म्हणजे त्या काळी सरकारी इमारतींच्या भिंती रंगवायची विद्या. पुढे त्यानं भिंती सोडल्या नाहीतच, पण अख्खी भिंत रंगवण्याऐवजी म्युझियमच्या कोऱ्या भिंतीवर, प्लगपॉइंटच्या शेजारी, तड्याच्या कडेला, काळ्या पेननं मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी खवचट लिहायला लागला. मला तर हा त्यानं अकादमीवर उगवलेला सूड वाटतो.

त्याच रस्त्यावर ६ नंबरला बल्गेरियन चित्रकार संघाची इमारत आहे. १९८९ साली, कम्युनिस्ट राजवट कोसळण्याच्या थोडं आधी, इथल्या छतावर एक प्रदर्शन भरलं. सोलाकोवनं तिथे एक दुर्बीण ठेवली. शेजारी पाटी, 'पश्चिमेकडचं दृश्य'. डोळा लावला की दिसायचा कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयावरचा लाल तारा. बस, एवढंच काम. 'पश्चिम' म्हटलं की भांडवलशाही देश आठवायचे, पण तारा खरोखरच इमारतीच्या पश्चिमेला होता, त्यामुळे कुणी आक्षेप घ्यायचा तरी कशावर? १० नोव्हेंबरला पक्षाचा सर्वेसर्वा झिवकोव पायउतार झाला.

छतावर जाता येईल का, असं दारावरच्या बाईंना विचारलं. त्यांनी मान वर-खाली हलवली. बल्गेरियात याचा अर्थ 'नाही'. उत्साहात जिन्याकडे धावू नका.

छत नाही तर नाही, पण दुर्बिणीची ती रेघ पायी चालता येते: शिप्का ६ ते पक्षाचं जुनं मुख्यालय, निवांत चाललं तर वीसेक मिनिटं. ही वीस मिनिटं या प्रवासातली सगळ्यात वाईट. त्सार ओस्वोबोदितेल रस्त्याला लागलात की पिवळे दगड सुरू होतात. ते १९०७-०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीतून आणून बसवले. राजाच्या लग्नात आहेर म्हणून आले, असं गाइड रंगवून सांगतात. प्रत्यक्षात नगरपालिकेनं कर्ज काढून ते विकत घेतले होते. कोरडे असले तर फोटोला छान. पाऊस पडला की पावसाळ्यातल्या नदीघाटाच्या पायऱ्या बऱ्या म्हणायची वेळ येते. माझ्यासमोर एक धडधाकट माणूस झेब्रा क्रॉसिंगवर बसूनच पलीकडे गेला. फुटपाथवर चढावं तर तिथल्या लाद्या सुट्या, एका कडेवर पाय पडला की दुसऱ्या कडेनं चिखलाचं पाणी गुडघ्यापर्यंत. ट्रेकचे पकड असलेले बूट घालून या. शहरात कशाला ट्रेकचे बूट, असं म्हणणाऱ्यांनी जूनमधल्या सरीत या दगडांवर चालून दाखवावं.

वाटेत जुन्या राजवाड्यासमोर एक मोकळी जागा लागते. कम्युनिस्ट नेता गेओर्गी दिमित्रोवची समाधी तिथे होती. १९४९ मध्ये सहा दिवसांत उभी केली आणि १९९९ मध्ये पाडताना पहिल्या स्फोटात पडलीच नाही. शेवटी मुख्यालयासमोरच्या लार्गो चौकात पोचून वर बघावं, तर शिखरावर तारा नाही. तो १९९० मध्येच काढला.

तारा आता समाजवादी कला संग्रहालयाच्या अंगणात आहे. मेट्रोनं जी. एम. दिमित्रोव स्टेशनला उतरा, पुढे ऑफिसांच्या इमारतींमधून थोडं चालायचं. रस्ता रुक्ष आहे, चुकल्यासारखं वाटेल, चालत राहा. सोमवारी बंद. लेनिनचा भलामोठा पुतळाही तिथेच, पण मी ताऱ्याजवळच थांबलो. दुर्बिणीतून बघायची वस्तू हाताच्या अंतरावर, जमिनीवर उभी. एवढ्या जवळून तो चक्क बेढब दिसतो. सोफियात एकच ठिकाण बघणार असाल तर हे बघा. बाकी सगळं यानंतर.

 

ज्यांना सोलाकोव नवीन आहे त्यांनी 'टॉप सीक्रेट' या आइंडहोव्हनमधल्या कामाबद्दल जाण्याआधी वाचून ठेवावं, नाहीतर वरची पायपीट वाया. ग्रंथालयात असतो तसा कार्डांचा लाकडी खोका, आत १७९ कार्डं, चित्रं आणि मजकूर. १९८९-९० च्या हिवाळ्यात केलेला. तरुणपणी आपण राज्याच्या गुप्त पोलिसांना माहिती देत होतो आणि १९८३ मध्ये ते थांबवलं, हे त्यानं स्वतःच त्यात मांडलं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. १९९० च्या वसंतात खोका लोकांसमोर आला आणि मोठा गदारोळ झाला. साहित्याच्या यादीत शाई, ॲक्रिलिक, लाकूड, ॲल्युमिनियम यांच्या रांगेत 'एक लाजिरवाणं गुपित' असंही लिहिलेलं आहे. मला तो इथेच पूर्ण पटला. कबुलीजबाब देतानाही त्यातला चावटपणा सुटत नाही, आणि चावटपणामुळे कबुली हलकी होत नाही. धाडस म्हणावं की चतुराई? माझं मत धाडस. चतुर माणूस गप्प बसला असता.

पुढचं काम याच स्वभावाचं. 'अ लाइफ (ब्लॅक अँड व्हाइट)'मध्ये दोन रंगारी प्रदर्शन संपेपर्यंत एकाच दालनाच्या भिंती रंगवतात, एक काळ्या, मागोमाग दुसरा पांढऱ्या. २००१ मध्ये हे व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात झालं. कधी कुठे लागलं तर सकाळी एकदा आणि बंद व्हायच्या आधी एकदा जा, एका फेरीत काही कळत नाही. त्याचं कुठलंही प्रदर्शन बघताना जवळचा चष्मा विसरू नका आणि गुडघे ठणठणीत असू द्या, कारण निम्मा मजकूर जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो.

आता खोका. आइंडहोव्हन त्याच शेंगेन व्हिसावर होतं. मात्र तिकीट काढण्याआधी म्युझियमला मेल करून तो मांडलेला आहे की गोदामात, ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर जाऊ नका.