सोलायचं नाही

मोबाइलच्या टपरीवर ग्लास लावणाऱ्या पोराचे हात एकदा निवांत बघावेत. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग चिकटपट्टीने धुळीचा शेवटचा कण टिपायचा आणि श्वास रोखून काच वरून अलगद सोडायची. मधोमध बोट टेकवलं की ती आपली आपण कडेपर्यंत बसत जाते. एखादा बुडबुडा अडून बसलाच तर जुन्या कार्डाने त्याला ढकलत ढकलत बाहेर काढायचं. "काका, साधी लावू की अकरा डी?" माझं गणित तिसऱ्या मितीपाशीच संपतं, पण अकरा डी कानावर पडल्यावर साधी मागायला जीभ रेटत नाही.

परवा दुपारी माझ्या आधी एका मुलीचा नंबर होता. फोन कोरा, खोका अजून हातात. पोराने सवयीने कंपनीचा पातळ कागद नखाने उचलला आणि ती किंचाळलीच. "अरे, तो कशाला काढतोस? त्याच्यावरच लाव ना!" पोरगं गोंधळलं. मला मात्र ती एकदम घरातली वाटली.

आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तो व्हिडिओकॉनचा. म्हणजे औरंगाबादचा, म्हणजे आपलाच, असा बाबांचा हिशेब. टीव्हीला आईने भरतकामाचा अभ्रा केला. पण खरी बडदास्त रिमोटची. तो ज्या पिशवीतून आला त्याच पिशवीत राहिला, तोंडाला रबरबँड. बटणं प्लॅस्टिकवरूनच दाबायची. चिवडा खाताना तर रिमोटला हातच लावायचा नाही, ज्याचं खाऊन झालंय त्याला हाक मारायची. हळूहळू पिशवी पिवळी पडली, आकडे दिसेनासे झाले, पण ते बघत कोण होतं? आवाजाच्या बटणावर भोक पडलं तेव्हा बाबांनी सेलोटेप लावला. भोक टेपला पुरून उरलं, तेव्हा टेपवर टेप.

एका सुट्टीत मुंबईची आत्या आली. तिला स्वच्छतेचं वेड. दुपारी सगळे आडवे झालेले असताना तिने ती पिशवी टराटरा फाडली आणि आतला रिमोट कोचावर ठेवून दिला. काळाभोर, बटणं करकरीत. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी बघितलं आणि आधी चहा प्यायले. मग म्हणाले, "ताई, आता धूळ जाणार गं त्यात." एवढंच. जेवणं व्हायच्या आत रिमोट पाव किलो शेवेच्या पिशवीत गेला होता. पुढचे काही दिवस त्याला फरसाणाचा वास येत असे. कोणी काही बोललं नाही.

सांगायचं कारण, 2019 साली सॅमसंगने घडीचा फोन काढला, गॅलेक्सी फोल्ड. किंमत 1,980 डॉलर. घडी घालायची तर तेव्हा काचेचा पडदा चालण्यासारखा नव्हता म्हणून तो प्लॅस्टिकचा, आणि सगळ्यात वर एक पातळ पापुद्रा. तो दिसायला थेट नव्या फोनवर चिकटवलेल्या कागदासारखा, पण प्रत्यक्षात पडद्याचाच भाग. बाजारात येण्याआधी फोन मोठमोठ्या परीक्षकांकडे गेले. यूट्यूबवरचा मार्केस ब्राउनली, ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेचा मार्क गुरमन. रोज नवनवे फोन हाताळणारी ही माणसं. दोघांनीही पापुद्रा सोलला आणि दोघांचेही पडदे गेले. सगळेच सोलल्यामुळे गेले असं नाही, हेही सांगायला हवं. एकाच्या पडद्याला आतून टेंगूळ आलं, एकाचा पापुद्र्याला हात न लावताच लुकलुकायला लागला. 26 एप्रिलची विक्री कंपनीला पुढे ढकलावी लागली. सप्टेंबरात फोन परत आला तेव्हा पापुद्र्याच्या कडा चौकटीखाली दडवलेल्या होत्या, म्हणजे नखाला धरायला काही सापडूच नये. भारतात तो ऑक्टोबरात आला, 1,64,999 रुपयांना. बाटाच्या चपलेच्या भावाची चाल काही सोडवली नाही.

माझं म्हणणं एवढंच की तेच फोन तपासायला मिरजेत पाठवायला हवे होते. कोणी पापुद्र्याला नखही लावलं नसतं. उलट त्याच्यावर अकरा डी बसते का, हे विचारून आले असते. (बसत नाही. घडी पडते ना.)

खोकी उघडण्याचे व्हिडिओ मीही बघतो, पण तो कागद सोलायची वेळ आली की फोन उपडा ठेवतो. लोक म्हणे खास तो चर्रर्र आवाज ऐकायला येतात. माझ्या पोटात कालवतं. एवढी घाई कशाची? फोन चांगला चार वर्षं वापरायचाय.

बरं, या काचेमागे केवढं रामायण आहे. जानेवारी 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्सने मंचावर दाखवलेल्या आयफोनचा पडदा प्लॅस्टिकचा होता. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवून त्यावर ओरखडे उठले, तेव्हा हा गृहस्थ अडून बसला की काचच हवी. काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने मजबूत काचेचं साठच्या दशकातलं बाजूला पडलेलं काम पुन्हा बाहेर काढलं आणि जूनमध्ये फोन दुकानात आला तो काचेचाच. आणि आपण त्या काचेवर दीडशे रुपयांची काच लावतो. 2023 मध्ये आयफोन प्रोच्या कडा टायटॅनियमच्या झाल्या, त्याची कोण जाहिरात! त्या कडा मी अजून कोणाच्या हातात पाहिलेल्या नाहीत. जे दिसतं ते पिवळट पडलेलं पारदर्शक कव्हर, आणि कव्हराच्या आत दहाची नोट.

अॅपललाही हा स्वभाव थोडाफार कळला असावा. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी फोन पुसायचं फडकं काढलं. 19 डॉलरला, आपल्याकडे 1,900 रुपयांना. कोणकोणत्या उपकरणांवर चालेल याची यादीसुद्धा दिलेली. जग हसलं आणि रांगेत उभं राहिलं, कित्येक आठवडे फडकं मिळेना. आमच्या घरी ते आलं असतं तर नक्की पिशवीतच राहिलं असतं. आणि दर रविवारी बाबांनी ती पिशवी जुन्या बनियनने पुसली असती.