टोक दिसत नाहीये

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात मी पंचवीस-तीस नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ, म्हणजे मज्जातंतूजवळ, सुईने औषध सोडून तो भाग बधिर करणं) पाहिले होते. पाहिले म्हणजे काय, तर सिनियरच्या खांद्यामागून अल्ट्रासाउंडच्या स्क्रीनवरच्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या. "ही बघ नस, ही सुई," असं तो म्हणायचा आणि मी मान डोलवायचे. नस कधी दिसायची, कधी दिसल्यासारखी वाटायची. तरी सिम्युलेशन लॅबमध्ये दोन दिवसांचं ट्रेनिंग लागलं, तेव्हा मी जरा तोऱ्यातच गेले.

पहिल्या टेबलावर जिलेटिनची जाड वडी होती. त्यात इसबगोल मिसळलेलं, कारण नुसतं जिलेटिन अल्ट्रासाउंडवर काळंभोर दिसतं. इसबगोलामुळे स्नायूंसारखा दाणेदारपणा येतो. आत रबरी नळी, ती शीर समजायची. शेजारी एक छोटा गोळा, ती नस. काम एवढंच की प्रोबच्या (अल्ट्रासाउंडचा अंगावर टेकवायचा भाग) लांबीच्या रेषेत सुई घालायची आणि टोक गोळ्याजवळ न्यायचं.

मी घातली. स्क्रीनवर सुईची लख्ख रेघ उमटली, गोळ्याच्या थोडी अलीकडे संपली. "पोचलेच," म्हणत मी आणखी ढकलली. रेघ होती तिथेच! आणखी ढकलली. शिकवणाऱ्या मॅडम काही न बोलता वाकल्या, वडीच्या पलीकडच्या बाजूला बोट दाखवलं. सुई तिथून बोटाच्या पेराएवढी बाहेर आली होती.

झालं होतं असं, की अल्ट्रासाउंडचा पट्टा असतो अगदी पातळ. सुई त्यातून जराशी तिरकी गेली की तिचा मधलाच तुकडा पट्ट्यात सापडतो. त्या तुकड्याचा शेवट म्हणजे टोक, असं डोळा खुशाल मानून घेतो. खरं टोक मात्र अंधारात पुढे निघून गेलेलं. खऱ्या पेशंटच्या काखेत ते धमनीत असू शकतं, गळ्याच्या हाडाच्या वर असेल तर फुफ्फुसाच्या आवरणात. माझी नुसती वडी फाटली.

नवख्या रेसिडेंट्सचे ब्लॉक व्हिडिओवर तपासून केलेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात सगळ्यात जास्त आढळलेल्या दोन चुका म्हणजे सुई दिसत नसताना पुढे सरकवणं आणि नकळत प्रोब हलवणं. मी तर दोन्ही एकदमच करत होते. सुई हरवली की माझे दोन्ही हात तिला शोधायला निघायचे, आणि मग ती कशी सापडणार?

मॅडमचा नियम साधा होता. टोक हरवलं की मोठ्याने म्हणायचं, "टोक दिसत नाहीये," आणि सुईचा हात जिथल्या तिथे थांबवायचा. मग स्क्रीन सोडून आधी स्वतःच्या हातांकडे बघायचं, सुई आणि प्रोब एका रेषेत आहेत का ते. हलवायचा तो फक्त प्रोब, तोही केसभर. सगळ्यांसमोर दर अर्ध्या मिनिटाला आपलं अपयश जाहीर करायला मला भयंकर लाज वाटली. पण दुपारपर्यंत तोंडाआधी हात थांबायला लागला.

जिलेटिनचा एक दोष सांगायला हवा. आधीच्या सुयांच्या वाटा त्यात तशाच राहतात आणि स्क्रीनवर चमकतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर आपण कुणाच्या तरी जुन्या वाटेलाच सुई समजून बसतो. मांसाच्या तुकड्यात नसेऐवजी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) खोचून केलेलं मॉडेल जास्त खरं वाटलं. प्रोब जरा कलला की कंडरा गायब, सरळ केला की हजर. नसाही असाच लपंडाव खेळतात.

दुसऱ्या दिवशीच्या पुतळ्याने मात्र पुरता घाम काढला. साठ किलोचा पेशंट, 0.5 टक्के बुपिव्हाकेन (बधिर करणारं औषध), 20 मिली. म्हणजे 100 मिलिग्रॅम, किलोला 2 मिलिग्रॅमच्या मर्यादेत. हिशोब पक्का म्हणून मी निर्धास्त. औषध देता देता पुतळा स्पीकरमधून म्हणाला, "डॉक्टर, तोंडात लोखंडासारखी चव येतेय." मी म्हणाले, "होतं असं कधी कधी." अशी चव म्हणजे औषध रक्तात जात असल्याची खूण असू शकते. ते थेट शिरेत जात असेल तर मर्यादेचा हिशोब काय चुलीत घालायचा? स्क्रीनवर औषध पसरताना दिसत नव्हतं, हेही मी पाहिलं नाही. मग झटके सुरू झाले.

यावरचा उतारा म्हणजे लिपिड इमल्शन, शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण. त्याचा डोस मला तोंडपाठ होता. 20 टक्क्यांचं, किलोला 1.5 मिली, म्हणजे 90 मिली, आणि मग मिनिटाला 15 मिलीने चालू. ते ठेवलंय कुठे, हे मात्र माहीत नव्हतं. ऑक्सिजन लावून, झटक्यांवर मिडाझोलाम देऊन मी "लिपिड आणा" असं हवेत ओरडले आणि कुणीच हललं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

नंतर व्हिडिओ पाहिला. चवीची तक्रार ऐकल्यावरही मी आणखी तीन मिली औषध दिलं होतं. ते "होतं असं कधी कधी" स्वतःच्याच आवाजात ऐकणं फार जड गेलं. मॅडम रागावल्या नाहीत. "थांबा म्हणायला कुणाची वाट बघत होतीस?" एवढंच विचारलं. आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये परतल्यावर मी पहिलं काम केलं ते लिपिडची बाटली कुठल्या कप्प्यात आहे, हे बघून यायचं.

तीन आठवड्यांनी पहिला खरा ब्लॉक, काखेतला. पेशंट काका पूर्ण जागे होते. सिनियर शेजारी उभा. सुई त्वचेखाली गेली, दिसली, मग हरवली. हात आपोआप थांबला आणि सवयीने मोठ्याने बोलून गेले, "टोक दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?" काकांनी मानच वर केली.

सिनियरला हसू आवरेना. हातभर घाम फुटलेल्या मला त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं, तोवर सुई तशीच धरून. आता ब्लॉकच्या आधीच सांगून ठेवते: मी मधे मधे "दिसत नाहीये" म्हणेन, तेव्हा मी थांबलेली असेन, तुम्ही हलू नका. आणि तोंडात विचित्र चव आली तर लगेच सांगा.