एज डिप्लॉय, टप्पा तिसरा : एचटीएमएल किती दिवस धरून ठेवायचं?

ह्यूगो या स्थिर साइट बनवणाऱ्या साधनानं बांधलेली साइट एजवर, म्हणजे वाचकांच्या जवळ असलेल्या विखुरलेल्या सर्व्हरवर, चढवून तीन आठवडे झाले. बिल्ड आणि डोमेन मागेच मार्गी लागलं. हा आठवडा सगळा कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी साठवलेल्या प्रतींमध्ये, गेला.

एजवर यायचं कारण अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर लांब असला की जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद लागणारच. जोडणी उघडायला टीसीपीची एक फेरी, ती सुरक्षित करायला टीएलएस १.३ ची दुसरी, पानाच्या मागणीची तिसरी; पहिला बाइट हाती येईपर्यंत ३०० गेले. सर्व्हर कितीही तगडा घ्या, यातला एकही मिलिसेकंद कमी होत नाही.

वेगाच्या ओढीनं मी सरसकट सगळ्या फाइलींना एकच हेडर (फाइलीसोबत जाणारी सूचना) लावला : मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, म्हणजे साठवलेली प्रत पूर्ण वर्ष न विचारता वापरायची. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलींना ते शोभतं; नावातच हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) असतो, मजकूर बदलला की नाव बदलतं. मुखपृष्ठाचं नाव मात्र कायम तेच. परवा नवा लेख टाकला. थेट लिंकवरून उघडला, पण फोनवर मुखपृष्ठात त्याचा मागमूस नाही. एजचा कॅश पर्ज केला, म्हणजे रिकामा केला, तरी तेच. कर्ल या आज्ञेनं सर्व्हरचे हेडर पाहिले तर ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) नवा! तेव्हा उलगडा झाला : जुनं पान फोनच्या ब्राउझरमध्ये बसलं होतं, आणि पर्जचा हात तिथवर पोचत नाही. पान रिफ्रेश केल्यावरच नवं आलं. ज्यांच्याकडे तशी प्रत गेली आहे, त्यांच्यासाठी मला इथून काहीच करता येत नाही, याची रुखरुख आहे.

आता एचटीएमएलला, म्हणजे खुद्द पानांच्या फाइलींना, नो-कॅश लावलंय. नाव फसवं आहे. त्याचा अर्थ 'साठवू नको' असा नाही (त्यासाठी नो-स्टोअर), तर 'साठव, पण वापरण्याआधी दरवेळी विचार'. ब्राउझर ईटॅग पाठवतो, पान तेच असेल तर नुसतं ३०४ ('बदललं नाही') येतं, मजकूर पुन्हा उतरत नाही. आणि हा प्रश्न जवळच्याच एज सर्व्हरला विचारला जात असल्यानं फेरी अगदी छोटी. एजचा खरा फायदा मला इथे दिसला : विचारणं इतकं स्वस्त असताना एचटीएमएल वर्षभर धरून ठेवायची गरजच नाही.

जुन्या हॅशच्या सीएसएस फाइलीही आता पुढचे दोन डिप्लॉय (नवी आवृत्ती चढवणं) होईपर्यंत तशाच ठेवतो. डिप्लॉयच्या क्षणभर आधी कुणाला जुनं एचटीएमएल मिळालं असेल, तर त्याची सीएसएस ४०४ ('सापडली नाही') व्हायला नको.

पुढचा टप्पा : पत्त्याच्या शेवटच्या स्लॅशमुळे होणारे रीडायरेक्ट, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं. त्यात एक फेरी फुकट जातेय.