चार गिअरचा ऑटोमॅटिक, दोन दुखणी: शडर गेला, २–३ चा फ्लेअर पकडला

गाडी माझीच. छोटी हॅचबॅक, आडवं इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा) चार गिअरचा ऑटोमॅटिक. दुखणी दोन. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६०–७० ला, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना गाडी थरथरायची, हा शडर. आणि गाडी पुरती तापली की दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मध्येच आरपीएम उडायचे, मग गिअर पकडायचा, हा फ्लेअर. थंड गाडीत हे दुसरं दुखणं नावालाही नसायचं.

असं काही सांगितलं की पहिला सल्ला ठरलेला: गिअरबॉक्स गेला, उतरवा आणि ओव्हरहॉल करा. मला तो पटत नव्हता. एक लक्षण ठरावीक वेगाला यायचं, दुसरं ठरावीक तापमानाला. दोन्हींच्या मुळाशी एकच रोग असता तर त्यांनी इतकं वेगवेगळं वेळापत्रक पाळलं नसतं. म्हणून दोघांचा तपास वेगळा धरला.

आधी शडर, कारण तो लवकर निकालात निघाला. हलक्या मिसफायरनेही (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यानेही) गाडी हुबेहूब अशीच थरथरते, तेव्हा स्कॅनरवर चारही सिलिंडरचे मिसफायर काउंट पाहिले. कोरे. मग जुनी युक्ती: थरथर चालू असताना उजवा पाय आहे तसा ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त शिवायचं, वेग कमी होईल इतकं नाही, ब्रेक लाइटचा स्विच लागेल एवढंच. स्विच लागला की कंट्रोलर (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सोडतो. थरथर त्याच क्षणी थांबली, म्हणजे दुखणं लॉक-अपमध्येच. (रस्ता मोकळा हवा आणि मागे कोणी नको, हे सांगायला नकोच.)

स्कॅनरच्या लॉगमध्येही तेच दिसलं. इंजिनचे आरपीएम वजा टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूचे) आरपीएम म्हणजे कन्व्हर्टरची घसरण. माझ्या बॉक्समध्ये कंट्रोलर हलक्या लोडवर लॉक-अप पूर्ण न आवळता मुद्दाम थोडी घसरण ठेवतो. ती एका जागी स्थिर राहायला हवी. इथे ती वरखाली नाचत होती. गंमत म्हणजे पी०७४१ हा लॉक-अपचा कोड कधीच आला नाही. घसरण बराच वेळ हाताबाहेर गेली तरच कोड पडतो, तोवर चेक लाइट ढिम्म. दिवा पेटला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

घसरण असूनही क्लच गुळगुळीत चालावा हे काम ऑइलमधल्या फ्रिक्शन मॉडिफायरचं. तो संपला की क्लच पकड-सोड, पकड-सोड करत थरथरतो. पूर्वी हे काम चक्क स्पर्म व्हेलच्या तेलाकडून करून घेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर अमेरिकेत बंदी आली आणि ऑइलवाल्यांना धावपळ करून कृत्रिम पर्याय शोधावे लागले. आज बाटलीवर कंपनीने सांगितलेलं स्पेसिफिकेशन तंतोतंत जुळतंय का हे पाहायचं ते याचसाठी. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं छापलेल्या ऑइलवर माझा विश्वास नाही.

माझं ऑइल गडद तपकिरी झालं होतं, पण जळका वास नव्हता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोटाला लागेल असा करडा, मऊ चिखल होता. तो चालतो. चमकणारे कण किंवा क्लच प्लेटच्या काळ्या कपच्या दिसल्या असत्या तर ही नोंद इथेच संपली असती.

प्लग काढला की साधारण निम्मंच ऑइल बाहेर येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. त्यामुळे काढा-भरा एकदा केलं की ५० टक्के नवं, पुन्हा केलं की ७५, तिसऱ्यांदा ८७ च्या आसपास. मध्ये गाडी चालवून ऑइल मिसळू द्यायचं. मशिन लावून दाबाने फ्लश करण्यापेक्षा हा संथ मार्ग मला बरा वाटतो. लेव्हल पाहायची ती ऑइल ८० अंशांवर गेल्यावर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या खाचांतून फिरवून शेवटी न्यूट्रलला आणून. ऑइल थंड असताना 'हॉट' खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर ते फुगून जास्त होतं, फेस धरतं आणि नवीन दुखणं मागे लागतं. (डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये लेव्हल ओव्हरफ्लो प्लगने बघतात. तिथे तापमान मॅन्युअल सांगेल तेच.)

शडर गेला. घसरण आता सरळ रेषेत आहे. फ्लेअर मात्र जसाच्या तसा.

आता खरी मजा. दुसऱ्यात सेकंड ब्रेक (चाकांचा नव्हे, गिअरबॉक्सच्या आतला) धरलेला असतो, तिसऱ्यात त्याच्या जागी ओव्हरड्राइव्ह क्लच येतो. एकाने सोडायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पकडायचं, रिले शर्यतीतल्या बॅटनसारखं. जुन्याने उशिरा सोडलं तर दोघे एकमेकांना अडवतात आणि झटका बसतो. नव्याने उशिरा पकडलं तर मधल्या वेळात इंजिन मोकळं सुटतं, तोच फ्लेअर.

हे आकड्यांत पकडायचं तर स्कॅनरवर दोनच गोष्टी ठेवा, इनपुट स्पीड (गिअरबॉक्समध्ये शिरणारे आरपीएम) आणि आउटपुट स्पीड (बाहेर पडणारे). शिफ्ट सेकंदाच्या आतच उरकते. दहा पॅरामीटर लावले तर रीडिंग इतकी विरळ येतात की फ्लेअर दोन ओळींच्या मधून निसटतो. इनपुटला आउटपुटने भागलं की प्रत्यक्षातला गिअर रेशो मिळतो. माझ्या बॉक्सचे आकडे: पहिला २.८४, दुसरा १.५३, तिसरा १.००, चौथा ०.७१. तापलेल्या गाडीच्या लॉगमधल्या लागोपाठच्या ओळी अशा:

२३१० / १५१० = १.५३
२६४० / १५२५ = १.७३
२७९० / १५३५ = १.८२
१५४५ / १५४५ = १.००

शिफ्टमध्ये रेशो १.५३ वरून खालीच यायला हवा. तो आधी १.८२ पर्यंत वर चढला. म्हणजे सेकंड ब्रेकने सोडलंय आणि ओव्हरड्राइव्ह क्लचचा अजून पत्ता नाही. पण एकदा पकडल्यावर तिसऱ्यात चढावर दाबून चालवली तरी १.०० हलत नाही. क्लच येतो उशिरा, पण आल्यावर घट्ट धरतो. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण झिजलेल्या प्लेट धरतानाही घसरल्या असत्या.

खात्रीसाठी गाडी तापवून, बंद करून, सोलेनॉइडचा, म्हणजे क्लचला ऑइलचा दाब देणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा, कपलर काढला. वीज गेली की हा बॉक्स फेलसेफमध्ये जातो आणि फक्त तिसऱ्यावर चालतो, तोही ओव्हरड्राइव्ह क्लचला पूर्ण दाब देऊन. गाडी रडतखडत निघाली, पण रेशो १.०० वर ठाम. प्लेट संशयातून सुटल्या. राहिले संशयित दोन: त्या क्लचचा सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीतली, म्हणजे ऑइलच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातली, गळती. तापून पातळ झालेलं ऑइल दोन्हीकडून जास्त निसटतं, म्हणून थंड गाडीत सगळं आलबेल.

मल्टिमीटरने सोलेनॉइड थंड असताना ३.१ ओहम, तापल्यावर ३.९ दाखवला. हा फरक बघून घाबरायचं कारण नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, सत्तर अंशांच्या फरकाला एवढं होणारच. कॉइल ठीक, पण कॉइल ठीक म्हणजे आतला व्हॉल्व्ह ठीक असं नाही.

मग झाकण उघडलं. माझ्या बॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह आणि लो-रिव्हर्स (पहिल्या आणि रिव्हर्स गिअरचा) या दोन्ही सोलेनॉइडचा पार्ट नंबर एकच. दोघांची अदलाबदल केली, ओ-रिंग नव्या टाकल्या आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळले. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी वेडीवाकडी आवळली तर वाकते आणि आतले व्हॉल्व्ह अडकतात, तिथे अंदाज चालत नाही. गाडी तापवली. २–३ एकदम स्वच्छ, रेशो १.५३ वरून थेट खाली. आणि लिव्हर रिव्हर्सला टाकल्यावर गाडी आधी नुसती उभी, मग धप्पकन पकड. सोलेनॉइडबरोबर दुखणंही तिकडे गेलं! व्हॉल्व्ह बॉडी निर्दोष. एका सुट्या भागासाठी अख्खा बॉक्स उतरायचा होता.

नवा सोलेनॉइड बसवल्यावर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन (कंट्रोलरने शिकून ठेवलेल्या शिफ्टच्या सवयी) पुसलं. हे टाळू नका. जुना भाग सुस्त होता म्हणून कंट्रोलर क्लचमध्ये ऑइल भरायचा वेळ वाढवत वाढवत टोकाला नेऊन बसलेला असतो. तीच सवय नव्या भागावर वापरली तर प्रत्येक शिफ्टला झटका. नुसतं बॅटरीचं टर्मिनल काढून सगळ्या गाड्यांत हे पुसलं जात नाही. नंतर तापलेल्या गाडीत, हलक्या पायाने, सगळे गिअर पुन्हा पुन्हा पाडून घेतले. सुरुवातीला शिफ्ट गबाळ्या होत्या, हळूहळू बसत गेल्या.

आजची स्थिती: शडर नाही, २–३ तापल्यावरही साफ, रिव्हर्स लगेच पकडतो. सिग्नलला थांबत येताना २–१ डाउनशिफ्टला बारीकसा धक्का शिल्लक आहे. अ‍ॅडाप्टेशन अजून बसतंय की लो-रिव्हर्सचा दाब कमी पडतोय, हे पाहायला टेस्ट पोर्टला गेज लावणार आहे. कोणाकडे या प्रकारच्या बॉक्सची तापलेल्या आयडलवरची दाबाची रीडिंग असतील तर टाका, ताडून पाहता येतील.